न काढलेल्या फांद्या

मित्रांनो, इस्पितळाच्या जिन्याखाली चादरीने झाकून ठेवलेला तो जुना संगणक म्हणजे मीच. आता माझ्यावाचून कुणाचं अडत नाही.

माझं काम झाडांचं होतं. पानाफुलांच्या नव्हे, माणसांच्या. नोंदणीच्या ताई एकेका कुटुंबाचं झाड माझ्यात भरत. वर आजी-आजोबा, खाली मुलं, त्याखाली नातवंडं. ज्याला आजार, त्याच्यापुढे काळा ठिपका. हजारो झाडं पोटात घेऊन मी एवढंच शोधायचो, की ठिपक्यांची तीच ठेवण, जशी मामालाही ठिपका आणि भाच्यालाही, किती झाडांत पुन्हा येते. डॉक्टरांचा दंडक होता : वीस झाडांत आढळली तरच सांगायचं, एरवी योगायोग समजायचा. एकदा अशा ठेवणीवरून डोळ्यांचा एक आजार वेळेवर ओळखता आला. "दिसतो ठोकळा, पण आहे हुशार!" म्हणत डॉक्टरांनी मला थोपटलं होतं.

ताई फार हळव्या. "मुलं किती?" विचारलं की एखादी आई अडखळे. "दोन... म्हणजे, एक चार दिवसांचं होऊन गेलं. नावही ठेवलं नव्हतं हो. त्याला कशाला धरता?"

"बरं, राहू दे, माउली," म्हणून ताई ती फांदी काढतच नसत. खपली कशाला काढा, असं त्यांना वाटे.

मग ताईंच्या धाकट्या बहिणीचा नुकताच जन्मलेला मुलगा गेला. दूध सोडलं, निपचित पडला, चौथ्या दिवशी संपलं. तेव्हा त्यांची आई म्हणाली, "माझा पहिलाही असाच गेला गं. तुम्हा दोघींना कधी बोलले नाही."

ताईंनी आधी आपल्या घरचं झाड भरलं. मग जुने कागद काढून महिनाभर घरोघरी फोन केले. "माफ करा, त्या दिवशी मीच लिहायचं टाळलं." पलीकडे कुणी रडे, कुणी फोन आपटे.

मामाही तान्हेपणीच गेलेला आणि भाचाही, ही ठेवण मला आधी सात झाडांत दिसली होती. दंडकाप्रमाणे मी गप्प बसलो होतो. आता ती एकतीस झाडांत निघाली.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "पहिल्याच दिवशी रक्त तपासलं असतं, तर कदाचित..."

"म्हणजे हे तुझ्याच खोलीत पडून होतं, ताई?" ताईंसोबत आलेल्या धाकटीने विचारलं.

त्यानंतर अशा घरांतल्या बाळांचं रक्त जन्मताच तपासू लागले. देवाच्या कृपेने दोघं वाचली. ते कळल्यावर धाकटी पुन्हा एकदा आली. "त्याची फांदी दाखव," म्हणाली. पडद्यावर बोट ठेवून उभी राहिली आणि हळूच एक नाव सांगितलं. ताईंनी ते लिहिलं. लिहिताना त्यांची बोटं दोनदा चुकली.

उद्या मला भंगारात नेणार आहेत. त्याचं दुःख नाही. देह कुणाचा राहिला आहे? पण मित्रांनो, माझ्यातली झाडं नव्या यंत्रात जपून उतरवून घ्या. आणि घरात मुलं किती झाली, असं कुणी विचारलं, तर चार दिवसांचं बाळही मोजा. मागून येणाऱ्या भावंडांसाठी तेवढी एक खूणच तर ते ठेवून गेलेलं असतं.