मागच्या बाकांवरचे अनवाणी

मेयर तियोंगनी गावातली एकही मयत चुकवली नाही, आणि त्याच जोरावर ते तीनदा निवडून आले. आमच्याकडे मढं सात-सात दिवस घरात ठेवतात. पेटी दिव्यांमध्ये, बाजूला पत्त्यांचे डाव, कॉफी, बिस्किटं. मेयर यायचे, पेटीच्या काचेवर हात ठेवायचे आणि गेलेल्याचं नाव अचूक घ्यायचे. ते नाव गाडीतून उतरण्याआधी मी त्यांच्या कानात घातलेलं असायचं. पक्षात माझं काम तेच. कोण गेलं ते ध्यानात ठेवायचं, आणि सभेला माणसं गोळा करायची.

यंदा मेयर प्रांताच्या गव्हर्नरपदाला उभे होते. मी त्यांच्यासाठी का राबत होते ते सांगते, कारण लोकांच्या तोंडाला कुठे हात लावणार? दोन वर्षांपूर्वी भर वादळात नानायला, म्हणजे माझ्या आईला, दम लागला. रस्त्यावर झाडं पडलेली. तेव्हा अँब्युलन्स घेऊन मेयर स्वतः आले. नानाय वाचली. असा उपकार आमच्याकडे फिटत नसतो, तो जन्मभर वाहायचा असतो. मला तर नानायवाचून दुसरं कोणीच नाही.

मयतीहून सरळ घरी जायचं नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. वाटेत कुठेतरी थांबायचं, घोटभर काही प्यायचं, म्हणजे पाठोपाठ आलेला मेलेला माणूस तिथेच राहतो. आम्ही नेहमी नांग बास्यांगच्या खानावळीत थांबायचो. नानायची तब्येत तोळामासा झाल्यापासून तर मी एकदाही चुकले नव्हते.

एप्रिलमध्ये प्रचार तापला. समोरच्यांच्या सभा ओसंडत होत्या आणि आमच्या खुर्च्या ऊन खात होत्या. एका सकाळी माएस्त्रो कार्दोंना पुरून निघालो. त्यांनी मला शाळेत शिकवलं होतं. ड्रायव्हर मानोंग आंबोनं सवयीनं खानावळीकडे गाडी वळवली, तर मेयर कडाडले, "सरळ चल. तुमच्या कॉफीपायी सभा रिकामी बसते."

मी म्हणाले, दोन मिनिटं, उभ्या उभ्या पिऊ.

"मेदी, मेलेल्यांना मत नसतं."

मागच्या निवडणुकीत होतं, असं मानोंग आंबो पुटपुटला. मेयरही हसले. गाडी सरळ गेली.

त्या दुपारी पहिल्यांदा आमची सभा भरली. मी तीनशे माणसं आणली होती, तीनशे हिरवे शर्ट वाटले होते. तरी मागच्या चार बाकांवर हिरवा शर्ट नसलेली माणसं बसलेली. पुरुष नक्षीच्या पांढऱ्या सदऱ्यात, बायका चर्चच्या कपड्यांत. अंगाची लाही होत होती, सगळं मैदान पुठ्ठ्याचे पंखे हलवत होतं, आणि ही माणसं मात्र ढिम्म. मी पंख्यांचा गठ्ठा घेऊन मागे गेले. कडेला माएस्त्रो कार्दो बसले होते.

मी खाली पाहिलं. पाय अनवाणी होते. घरात पावलं वाजू नयेत म्हणून आम्ही पेटीत ठेवताना जोडे काढतो. हातात जपमाळ होती, दोरा कापलेली. गेलेल्यामागे घरातलं दुसरं कोणी जाऊ नये म्हणून तो दोरा सकाळी मीच कापला होता.

मी धावत जाऊन मेयरना सांगितलं. त्यांनी मंचाच्या पडद्याआडून बराच वेळ पाहिलं. ते घाबरले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"हात वर करतात का?"

"करतात."

"मग बसू दे."

त्यानंतर खानावळीत थांबणं बंदच झालं. दिवसाला तीन मयती, आणि प्रत्येक मयतीहून थेट सभा. समोरच्यांची माणसं गर्दी मोजायला आली आणि मोजून गप्प झाली. मी मात्र रोज संध्याकाळी एकटी बास्यांगकडे कॉफी पिऊन मगच घरी पाऊल टाकत होते.

मग आमच्या वस्तीतली सभा झाली. सभा संपल्यावर मेयर म्हणाले, चल, तुझ्या आईला भेटून येतो. ती झोपली असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ज्याने तिला वाचवलं त्याला दारातून परत कसं पाठवू? माझी जीभ उचलली नाही. ती माझी चूक, आणि मी ती कोणावर ढकलत नाही.

मेयर नानायच्या उशाशी बसले. तिच्या हातावर हात ठेवून त्यांनी तिचं नाव घेतलं, मयतीत घेत तसंच अचूक. "मानांग इलुमिनाडा, शेवटच्या सभेला तुम्ही हव्यातच."

ते गेल्यावर नानाय दाराकडे बघत म्हणाली, "मेदी, त्या लोकांना पाणी तरी विचार. बिचारे अनवाणी उन्हात उभे आहेत."

मी कॉफीची किटली घेऊन अंगणात धावले. कप मांडले, बिस्किटं ठेवली, पुढे उभ्या माएस्त्रो कार्दोंना हात जोडले. "मास्तर, मला फक्त तीच आहे हो." मास्तर थोडे बाजूला सरकले, वर्गात नव्या मुलीला बाकावर जागा करून देत तसे.

पाचव्या दिवशी नानाय गेली.

पेटी मेयरनीच पाठवली. बायकांनी तिच्या सपाता काढायला घेतल्या तेव्हा मी त्यांचे हात धरले. त्या खूप बोलल्या, घरात पावलं वाजतील म्हणाल्या. मी काढू दिल्या नाहीत.

पुरलं त्याच दुपारी शेवटची सभा होती. मेयर म्हणाले, तू आज नाही आलीस तरी चालेल. मी गाडीत जाऊन बसले. मानोंग आंबोला माझी दया आली असावी. मेयर काही बोलण्याआधीच त्यानं खानावळीकडे गाडी वळवली.

"सरळ चल, मानोंग," मी म्हणाले.

मैदानात मी पुढे गेले नाही. मागच्या बाकावर, माएस्त्रो कार्दोंच्या शेजारी एक जागा सोडून बसले आणि पंखा हातात तयार ठेवला. मंचावर मेयरनी विचारलं, कोण कोण माझ्यासोबत आहे? सगळ्यांआधी मी हात वर केला. मागून सपातांचा आवाज येत होता.