दवाखान्याचा उतार

झोळीची कडी कुरकुरली आणि मी फोनवरचं बोलणं अर्धवट थांबवलं. बाळ नुसतंच कुशीवर वळलं. पलीकडे चित्र रंगवणाऱ्या कादंबरीनं, माझ्या सात वर्षांच्या लेकीनं, मलाच ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

फोनवर अनिरुद्ध, माझा नवरा. त्याला सकाळचं सांगत होते.

बाळंतपणाच्या रजेनंतर मी हडपसरच्या सरकारी दवाखान्यात परत रुजू झाले, तर पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार. माझ्या रजेत डॉक्टर प्रज्ञेश आले होते, दिव्यांगांच्या राखीव जागेवर, व्हीलचेअरवरून. आल्या आल्या त्यांनी कायद्यावर बोट ठेवून उतार करून घेतला. आम्हा चालत्याफिरत्यांना तो कायदा वाचायचं कधी सुचलं नव्हतं.

लोणी काळभोरच्या हिराबाईंचा पाय शुगरमुळे गेलेला. त्या यायच्या तेव्हा स्टेथोस्कोप घेऊन मी खाली जायचे, रिक्षातच तपासायचे. रांगेतली माणसं म्हणायची, "अशी डॉक्टर मिळायला नशीब लागतं." खोटं कशाला बोलू, कानाला गोड लागायचं.

आज सुनेनं हिराबाईंची खुर्ची उतारावरून वर आणली आणि माझ्या दारावरून पुढे नेली. थेट प्रज्ञेशकडे.

त्या बाहेर आल्यावर मी हसत म्हटलं, "काय हिराबाई, विसरलात आम्हाला?"

"न्हाई ओ म्याडम. तुमी लेकुरवाळ्या." मग आवाज खाली आणून, "छातीत गाठ हाय. तपासणीला मोठ्या दवाखान्यात जा म्हणले."

"कधीपासून आहे?"

"तुमच्या रजेच्या आदीपास्नं."

"आणि मला बोलला नाहीत? मी बाई असून?"

"रस्त्यावर, रिक्षात पदर कसा बाजूला करू? हितं पडदा हाय, नर्सबाई हुत्या."

दारातून प्रज्ञेश म्हणाले, "मॅडम, तुमच्याच पेशंट आहेत. परत तुमच्याकडे लावू का?"

हिराबाईंनी हात लांब करून प्रज्ञेशच्या खुर्चीची दांडी धरली.

"राहू द्या तुमच्याकडेच," मी म्हणाले.

अनिरुद्धनं सगळं ऐकून घेतलं. "गाठ सापडली ना? मग झालं तर," म्हणाला. आता याच्याशी काय बोलायचं? मी फोन ठेवला, डोळे पुसले.

कादंबरी जवळ येऊन कुजबुजली, "आई, त्या आजींना गाठ आहे म्हणून रडतेस, की त्यांनी ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली म्हणून?"