त्याच फोनचं कार्ड

"जाऊ द्या वहिनी, मोबाइलच तर व्हता," असं कुणी म्हणलं ना, की माझ्या डोक्यात सणक जाते. जाऊ द्या म्हणायला तुमचं काय जातंय? तुमच्या घरात आंधळी म्हातारी कान देऊन बसली न्हाई. माझ्या घरात बसली व्हती.

केजात आमचं कापडाचं दुकान. आमचे मालक, म्हंजी सोमेश्वर, आन धाकटे दीर मन्मथ भावजी, दोघं मिळून चालवायचे. घरात आत्याबाई. आत्याबाई म्हंजी माझी सासू, सावित्रीबाई. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. आधी एक गेला, आमी औषधपाणी करतोय तवर दुसरा बी गेला. बाई लई खमकी. डोळे व्हते तवा एकटी बसमधी बसून अक्कलकोटला जाऊन यायची. डोळे गेले आन घरात कोंडली. चिडचिड करायची, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवायची. मी बी काय कमी न्हाई, मी बी बोलायची. मग दोघी गप.

नोटा बदलल्या त्याच्या पुढच्या वर्षी मालकांनी मोठा फोन घेतला. आन त्यांना एक नाद लागला. कुठंबी गेले की तिथं उभं राहायचं आन आईला काय काय दिसतंय ते फोनमधी बोलून ठेवायचं. सोलापूरला माल आणायला गेले, तर पेठेतल्या गर्दीत उभे राहून बोलले. बीडला काही कामानं गेले, तर ष्टँडवर बोलले. लोक बघायचे, "हे येडं कुणाशी बोलायलंय?" ह्यांना काय त्याचं! घरी आले की चप्पल काढायच्या आधी फोन आईच्या हातात. आत्याबाई पदराला हात पुसून फोन घ्यायच्या, कानाला लावायच्या आन तोंड असं उघडं ठेवून ऐकायच्या.

मग मलाच सांगायच्या. "गंगे, सोलापूरचा त्यो ठोक कापडवाला लई लबाड हाय बघ. पोट सुटलंय त्याचं, आन गल्ल्यावर बसून दिवसभर शेंगा खातंय."

"आत्याबाई, तुमी कवा गेलता सोलापूरला?"

"गेलते की परवा. तू व्हतीस का संगं?" म्हणून हसायच्या. खरं सांगते, त्या दिवसांत आमच्यात भांडण झालं न्हाई. म्हातारी पुन्हा गावोगाव फिरायला लागली व्हती.

आता असं रोज बोलून ठेवल्यावर फोन भरणारच की. एक दिवस फोनच म्हणायला लागला, जागा न्हाई. मी म्हणलं, "जुनं पुसा की जरा." तर केवढ्यानं वरडले माझ्यावर! "आईचं एक बी पुसायचं न्हाई. दुकानातल्या साड्यांचे फोटो पुसतो वाटलं तर." ते पुसले तरी भागंना. मग बीडहून कार्ड आणलं. बोटाच्या नखाएवढं. ह्याच्यात सगळं मावतंय म्हणले तर मला खोटंच वाटलं.

कार्ड घातलं त्या येळेला मी शेजारीच बसले व्हते. फोननं विचारलं, ह्या कार्डाला फोनचाच भाग करू, का बाहेरचं म्हणून ठेवू? मालक म्हणले, "घरात आणलंय म्हणल्यावर बाहेरचं कशाला ठेवायचं?" आन दाबलं. आमच्या घरात नवी सून आली तरी असंच म्हणतात. बराच येळ फोन गरम होत व्हता. मग आईची सगळी रेकॉर्डिंगं कार्डात गेली, आन जागाच जागा झाली. कपिलधारच्या यात्रेला गेले, तर धबधब्याखाली उभं राहून लई मोठं बोलले. आत्याबाईंनी ते कितींदा ऐकलं त्याला मोजदाद न्हाई.

आन मग माणूसच गेला. दुकानात ताग्यातलं कापड फाडता फाडता छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलं. त्याच्यावर मी जास्त बोलत न्हाई. बोलायला गेलं की माझं डोकं फिरतंय.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. आन आमच्या घराची चाल अशी, की गेलेल्या माणसाच्या अंगावरच्या, हातातल्या वस्तू घरात ठेवायच्या न्हाईत. घरच्या जंगमाला, म्हंजी आमच्या स्वामींना, द्यायच्या. धोतरजोडी, चप्पल, छत्री, तांब्या, अंथरूण-पांघरूण. गुरुलिंग स्वामी आले व्हते कपिलधारच्या अलीकडच्या गावाहून. मी एकेक वस्तू आणून ठेवायले, रडायले. तेवढ्यात आत्याबाई म्हणल्या, "फोन ठेवला का?"

मी म्हणलं, "फोन कावून द्यायचा, आत्याबाई? त्याच्यात तुमचं समदं हाय."

"त्याच्या हातातली वस्तू हाय ती. मरस्तवर त्याच्या हातात व्हती. ती घरात ठेवली तर त्याचा जीव माझ्यापशी घुटमळंल. जाऊ दे त्याला सुखानं."

मन्मथ भावजी मला बाजूला घेऊन म्हणले, "वहिनी, कशाला वाद घालता? रेकॉर्डिंगं समदी कार्डात हायत. कार्ड काढून घेऊ. डबडं गेलं तर गेलं, नवं डबडं आणता येतंय." मला ते पटलं. कुणाला बी पटलं असतं! भावजींनी सुईनं फोनची कार्डाची खाच उघडली, कार्ड काढलं, मी ते कापसात गुंडाळून विभूतीच्या डबीत ठेवलं. आन फोन आत्याबाईंनी आपल्या हातानं स्वामींच्या ओंजळीत दिला. मला तवा वाटलं, चाल बी राहिली आन माणूस बी राहिला.

कार्ड ठेवून घेतलंय हे सांगितल्यावर आत्याबाई म्हणल्या व्हत्या, महिनाभर मी त्याला हाक मारणार न्हाई, त्याचा आवाज ऐकणार न्हाई. महिना सरला तशा सकाळीच पाटावर बसल्या. "लाव गं आता. कपिलधारचं लाव."

भावजींनी नवा फोन आणला व्हता. कार्ड घातलं. फोन म्हणतो, कार्ड वाचता येत न्हाई, साफ करू का? भावजींचं बोट चाललंच व्हतं तिकडं. मी झडप घालून फोन हिसकला. "साफ काय करता! अक्कल हाय का न्हाई?" दीर असला म्हणून काय झालं, तोंडातून निघून गेलं.

"काय झालं?" आत्याबाई विचारायल्या.

"काय न्हाई, फोन नवा हाय, त्याला अजून कळंना," मी म्हणलं. "बीडला दाखवून आणते."

त्याच दिवशी आमी दोघं ष्टीनं बीडला गेलो. जिथून मालकांनी कार्ड घेतलं, त्या उत्तरेश्वर मोबाइलवाल्याच्या दुकानात. ते बाबा तिघा-चौघांचे फोन एकदम उघडून बसले व्हते. कार्ड मशिनीत घालून बघितलं आन विचारलं, "हे घालताना फोनचाच भाग केलता का?"

"केलता."

"मग हे त्याच फोनचं कार्ड झालं, ताई. दुसरीकडं कुठंच उघडणार न्हाई. त्यो फोन कार्डाला कुलूप घालतो आन किल्ली आपल्या पोटात ठेवतो. फोन घेऊन या, चार मिनटांत काढून देतो."

मला एकदम धीर आला. "आणते की! फोन जाग्यावर हाय, स्वामींकडं."

मी उठले तसं त्यांनी मान वर केली. "पण बघा, त्यांनी फोन पुसलेला नसावा. पुसला असंल तर किल्ली बी पुसली. मग हितं न्हाई, मुंबईला नेलं तरी उपयोग न्हाई."

"मग विकताना सांगता येत न्हाई का असं?" मी दुकानात उभी राहून वरडले. गिऱ्हाईकं बघायली. "माणूस मरतंय, फोन फुटतोय, चोरीला जातोय. सांगायचं न्हाई का?"

उत्तरेश्वर म्हणले, "ताई, मी कार्ड विकलं. दाबताना मी नव्हतो." काय खोटं बोलले ते? म्हणून मला आणखी राग आला.

बीडहून आमी जीपनं स्वामींच्या गावाला गेलो. वाटंत मी शिव शिव म्हणत व्हते. पुसला नसंल. साधी माणसं हायत, कशाला पुसतील? त्यांना काय कळतंय पुसायचं?

स्वामी ओट्यावरच बसले व्हते. मी शरणार्थ म्हणून पाया पडले आन सगळं सांगितलं. दिलेलं दान परत मागायला आलेली बाई त्यांनी जन्मात बघितली नसंल. पण त्यांच्या कपाळावर आठी पडली न्हाई. "अगं, न्हे की माय. आईपेक्षा दान मोठं हाय का?" म्हणले, आन पोराला हाक मारली. पोरगं चांगलं कॉलेजात शिकणारं. फोन घेऊन आलं. फोनला नवं कव्हर व्हतं.

"पुसलास का रे?" भावजींनी विचारलं.

"त्याच दिवशी पुसला काका. बाबा म्हणले, गेलेल्या माणसाचं खाजगी असतंय, आपण बघायचं न्हाई. उघडायच्या आधी साफ करून घे. मी एक बी फोटो बघितला न्हाई, आईशप्पथ."

आता ह्यांना काय बोलायचं? एखाद्यानं हपापल्यासारखं सगळं उघडून बघितलं असतं, तर माझ्या नवऱ्याचा आवाज वाचला असता. ह्या चांगल्या माणसांनी मला शिव्या द्यायला सुद्धा जागा ठेवली न्हाई. भावजींनी तरी कार्ड त्या फोनमधी घालून बघितलं. फोन म्हणला, कार्ड वाचता येत न्हाई, साफ करू का? ज्या फोनमधी ते जन्मलं, त्यानं बी ओळख दाखवली न्हाई.

परत येताना मी आत्याबाईंवर धुमसत व्हते. जीपमधी दात खाऊन बसले व्हते. घरी गेले की सांगणार. तोंडावर सांगणार. तुमी दिला फोन. मी नको म्हणत व्हते, तुमी ऐकलं न्हाई. तुमच्या चालीनं गेला तुमचा लेक दुसऱ्यांदा. एकेक शब्द मी जुळवून ठेवला व्हता. आन खोटं काय व्हतं त्याच्यात?

घरात पाऊल टाकलं तर बाई सकाळच्याच पाटावर. जेवल्या नव्हत्या. माझ्या पायांचा आवाज ओळखला आन लगबगीनं पदराला हात पुसले, फोन घ्यायला हात पुढं केले. ते दोन हात बघितले आन माझ्या तोंडातलं सगळं तोंडातच राहिलं.

"कार्ड खराब निघालं, आत्याबाई," मी म्हणलं. "दुकानदारानंच खराब दिलतं."

त्यांनी हात मागं घेतले न्हाईत. हळूच विचारलं, "मी फोन दिला म्हणून तर न्हाई ना झालं, गंगे?"

"छ्या! फोनचा काय संबंध? कार्डच नासकं व्हतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. भावजी माझ्याकडं बघून आत निघून गेले. आत्याबाईंनी चाचपडत माझं मनगट धरलं आन मला शेजारी बसवलं.

"बरं. मग तू सांग. कपिलधारचं तू बी ऐकलंस ना? कसं बोललाय त्यो?"

मी म्हणलं, सांगते की, त्यात काय. आन सुरू केलं. "आई, ऐक. मी पाण्याखाली उभा हाय. पाणी लई वरून पडायलंय. बायका..." शब्द येत व्हते. सगळे शब्द येत व्हते. पण कानात त्यांचा आवाज येईना. मी थांबले, डोळे मिटले. कसं म्हणायचे ते 'आई'? वर न्यायचे का खाली आणायचे? इतक्या वर्षांचा संसार, ह्या माणसानं मला रोज हाका मारल्या, आन मला आवाज आठवंना. कार्डात हाय म्हणून मी ठेवलाच नव्हता कुठं.

"असं न्हाई गं," आत्याबाई म्हणल्या. "असं कुठं म्हणायचा त्यो." त्यांनी मान जराशी वाकडी केली, घसा साफ केला आन म्हणल्या, "आईऽ, ऐक बरं का."

आवं, तेच व्हते! त्या म्हातारीच्या तोंडातून माझा नवरा बोलला. तसाच घोगरा, 'आई'वर तसाच रेंगाळलेला, मागं हसू दाबलेलं. दुकानातून येऊन उंबऱ्यात उभे राहिल्यासारखे वाटले. मी हुंदका द्यायचा बी विसरले. म्हातारीसाठी म्हणून दिवसभर पळाले मी. तिच्यापशी तर सगळंच व्हतं. भिकारी मीच झाले व्हते.

मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "आत्याबाई, आणखी एकदा म्हणा. तुमच्या पाया पडते. एकदाच."

त्यांनी पुन्हा मान वाकडी केली, पुन्हा घसा साफ केला, आन म्हणल्या.

ह्या खेपंला मात्र ती नुसती सावित्रीबाईच बोलली.