जादा ब्रेक

टाचेचं वाढलेलं हाड कापून काढल्यावर डॉक्टरांनी मास्तरांना दोनच अटी घातल्या. पाय दोन उशांवर ठेवायचा, आणि टाके निघेपर्यंत त्या पायानं काहीही दाबायचं नाही. पहिली अट सोपी होती. दुसरी मात्र बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या माणसाला श्वास घेऊ नका सांगण्यासारखी होती. मास्तरांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक होता, आणि निम्मं शहर त्या ब्रेकमुळेच जिवंत आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आता ते पलंगावर पडून खिडकीतून दिसेल तेवढी गाडी बघत आणि संशय घेत.

संशय होता सहायकावर. चढावर क्लच अर्धवट दाबून धरायची त्याला खोड, म्हणून मास्तरांनीच त्याचं नाव हाफक्लच ठेवलं होतं. रोज संध्याकाळी तो किल्ली द्यायला यायचा.

"किती जण आले आज?"

"तिघंच, सर," असं तो मास्तरांच्या बँडेजकडे बघून सांगायचा. डोळ्याला डोळा नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, गाडी हल्ली भिंतीपासून वीतभरावर, रेघ मारल्यासारखी सरळ उभी असे. हाफक्लच गाडी लावायचा ती रस्त्यात टाकून दिल्यासारखी. माणूस तिशीनंतर सुधारतो यावर मास्तरांचा विश्वास नव्हता.

एका सकाळी बायको आंघोळीला गेलेली बघून ते वॉकर आपटत अंगणात गेले. गाडीची सीट पार पुढे ओढलेली. आरसा खाली वळवलेला. आणि शिकायला येणारे तिघंही ताडमाड! म्हणजे चौथा कुणीतरी होता, बुटका होता, आणि लपवलेला होता. हाफक्लच आपल्याच गाडीवर स्वतःची शाळा काढतोय. उद्या आपण चालायला लागू तेव्हा पाटीवरचं नावसुद्धा बदललेलं असेल.

दुपारी बायको औषध आणायला निघाली. औषधांचं दुकान कोपऱ्यावर. बाईसाहेब परतल्या तासाभरानं. दारात हाफक्लचशी तिची कुजबूज मास्तरांनी कान टवकारून ऐकली. "उद्या चौकातून," तो म्हणाला.

"काय चौकातून?" मास्तर आतून गरजले.

"भाजी हो! चौकातून आणायची म्हणते," बायको म्हणाली.

म्हणजे तीही सामील! बायकोला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं शिकायचं म्हटलं की मास्तर सांगत, बायकोला शिकवायला बसलं की क्लचही जळतो आणि संसारही. तिनं विचारणं सोडलं त्याला बारा वर्षं झाली. मग हिला शाळेच्या कारस्थानात रस कशाला?

टाके काढायच्या दिवशी हाफक्लच आलाच नाही. "त्याला काम आहे," बायको म्हणाली.

"माहितेय मला त्याचं काम. रिक्षा बोलव."

"कशाला? गाडी आहे की." तिनं किल्ली घेतली, मास्तरांना नेहमीच्या बाजूला बसवलं, फेरा घालून आली आणि स्टिअरिंगमागे बसली. सीट पुढे ओढायची गरज पडली नाही. आरसाही नेमका तिच्या डोळ्यांच्या उंचीला होता.

मास्तर सीटकडे बघत राहिले. मग आरशाकडे. मग बायकोच्या उंचीकडे.

"तो बुटका..."

"बोलू नका. बोललात की माझा गिअर चुकतो."

गल्ली सुटली, रस्ता आला. मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला. चौकात डावीकडून बस घुसली आणि बावीस वर्षांची सवय डॉक्टरांना विचारायला थांबली नाही. पाय उचलला गेला, जादा ब्रेकवर पडला.

पेडल कापसात बुडावं तसं खाली गेलं. ना जोर लागला, ना कळ आली. आणि गाडी मात्र रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, धक्काही न देता थांबली होती.

मास्तरांनी खाली वाकून बघितलं. पेडलची तार काढून ठेवलेली होती.

"हे कधी केलंत?"

"काल. हाफक्लच म्हणाला, सर दाबणारच, टाके उसवतील." बस गेली. तिनं पहिला गिअर टाकला. "दाबलंत ना?"

"छे! पाय जरा आखडला होता."

"पंधरा दिवस माझ्या शेजारी बसून त्यानं हाच ब्रेक एकदाही दाबला नाही," ती म्हणाली.

पुढच्या चढावर मास्तरांनी मान वाकवून तिच्या डाव्या पायाकडे नीट बघितलं. क्लच अर्धा दाबलेला होता.

"तरी म्हटलं," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना जरा बरं वाटलं. "उद्यापासून मी शिकवतो."