बाहेरून कुलूप

केसांत तेल चोळता चोळता भागीरथेचा हात थांबला. कमलिनीला वाटलं, गुंता लागला असेल. ती मान वाकवून तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं मागून घोरण्याचा बारीक आवाज आला, तेव्हा तिनं हळूच वळून पाहिलं. भागीरथा भिंतीला टेकून, तेलकट हात मांडीवर उताणे टाकून झोपी गेली होती.

कमलिनीनं तिला उठवलं नाही. आपली वेणी आपणच घातली आणि खाटेच्या कडेला धरून बसली. खिडकीबाहेर सेक्टर दहाचा नवा रस्ता उन्हात पडला होता. दोन्ही बाजूंना लावलेली रोपं अजून त्यांच्या कुंपणांहूनही बुटकी होती.

कमलिनीचे पाय चौथ्या वर्षी तापात गेले होते. आई होती तोवर आईनं केलं, मग मावशीनं. मावशीही गेल्यावर मारोतरावांनी बहिणीला अमरावतीहून भिलाईला आणलं. ते तिथल्या पोलाद कारखान्याच्या हिशेबखात्यात कारकून होते, संध्याकाळीच घरी यायचे. वसुंधरावहिनी शाळेत शिकवायच्या आणि साडेतीनला घरी यायच्या. तोवर कमलिनीच्या सोबतीला म्हणून भागीरथेला ठेवलं होतं. न्हाऊ घालणं, मोरीत नेणं, पायांना तेल लावणं, जेवायला वाढणं आणि उरलेला वेळ जवळ बसणं, हे तिचं काम. चहा तिला मिळायचा, पण तिचा कप व्हरांड्यातल्या कोनाड्यात वेगळा असायचा.

भागीरथा दचकून जागी झाली, तेव्हा ऊन खिडकीवरून सरकलं होतं. तिनं आधी कमलिनीच्या वेणीकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

कमलिनी रागावली नाही. बरं नाही का, विचारलं. भागीरथा म्हणाली, तब्येत बरी आहे, रात्रीची झोप होत नाही. पोरीला मिरगी आहे, रात्री उठून उठून पाहावं लागतं. पोरीचं नाव हिरा. कमलिनीनं तिचं नाव ऐकलं होतं, पण ती सतरा वर्षांची आहे हे तिला आजच कळलं.

"मग दिवसा कोणाजवळ असते ती?"

भागीरथेनं तेलाची वाटी उचलली, परत ठेवली.

"कोनापाशीच नाई जी. कोंडून येतो तिले."

मग हळूहळू बाकीचं निघालं. लहानपणापासूनचं दुखणं. आधी भगत झाले, गंडेदोरे झाले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर चंपतनं, म्हणजे हिराच्या बापानं, ते सगळं तोडून टाकलं आणि पोरीला दुर्गच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्यांनी झटके कमी झाले, पण गेले नाहीत. चंपत भिलाई-तीनच्या रेल्वे यार्डात रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होता, उजाडायच्या आत निघायचा. इतके दिवस शेजारची गुलाब लक्ष ठेवायची. तिला ठेकेदाराकडे बांधकामावर गारा वाहायचं काम लागलं आणि दुसरं कोणी मिळालं नाही. घर एका पगारात भागत नव्हतं. मग भागीरथा सकाळी चूल विझवायची, काड्याची पेटी, दोरी, विळा, सगळं बाहेर काढायची, भुईवर गोधड्या अंथरायची आणि दाराला कुलूप लावून यायची.

"परवा गेली त पोरगी दाराशी पडून होती. कवा पडली, कोनाले ठावूक."

हे सांगताना ती रडली नाही. सांगून झाल्यावर उठली आणि वाटी धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी कमलिनी म्हणाली, "मला कोंडून जा."

भागीरथेला कळलंच नाही. कमलिनीनं पुन्हा सांगितलं. वहिनी शाळेत गेली की कुलूप लावायचं, घरी जायचं, साडेतीनच्या आत परत यायचं. शेजारच्या क्वार्टरात अजून कोणी राहायला आलं नव्हतं. कोणी पाहणार नव्हतं.

"मला काही झटके येत नाहीत," ती म्हणाली.

भागीरथेनं कानांना हात लावला. ताईला काही झालं तर साहेब तिला उभी चिरतील. आणि लोक काय म्हणतील, मजुरांच्या कॅम्पातली बाई, पगार घेते आणि लंगड्या माणसाला टाकून पळते. तिनं तो विषय परत काढू दिला नाही. पण होळीच्या आधी एक दिवस ती उशिरा आली. हिराला निघता निघता झटका आला होता आणि ती तिला झोपवून, कुलूप लावून आली होती. वसुंधराबाई वेळेवरून बोलल्या आणि घाईनं शाळेला गेल्या. भागीरथा बादली घेऊन मोरीकडे निघाली, तेव्हा कमलिनीनं ट्रंकेचं कुलूप काढून किल्लीसकट तिच्यासमोर धरलं. भागीरथेनं बादली खाली ठेवली. मग तिनं ते घेतलं.

त्या दिवसापासून तिचं चालणं दुप्पट झालं. सकाळी कॅम्पातून यायचं, रूळ ओलांडायचे, बाजाराच्या मागून सेक्टरात. कमलिनीचं न्हाणं, मोरी, जेवण उरकायचं, हाताशी पाणी ठेवायचं आणि उलट्या पावली परत. घरी हिराला खाऊ घालायचं, तिचे केस विंचरायचे, ती झोपली की तिच्या बाजूला जरा पाठ टेकायची. लगेच पुन्हा निघायचं, रणरणत्या उन्हात, लाल धुळीतून. संध्याकाळी मग घरची वाट. टाचांना भेगा पडल्या. रात्री चंपत भाकर खाता खाता म्हणाला की सोडून दे ते काम. जेवतानाच तिला पेंग आली.

पण मनावर त्याहून मोठं ओझं होतं. एक अपंग बाई आपल्या पोरीसाठी रोज कोंडून घेते, हे तिला सोसवत नव्हतं. वाटेनं बोरं दिसली तर ती पदरात बांधून न्यायची. कमलिनीच्या पायांना आधीपेक्षा जास्त वेळ तेल लावायची. कमलिनी बोरं खायची, आभार मानू द्यायची नाही, विषय बदलायची.

हळूहळू भागीरथेच्या लक्षात काही गोष्टी यायला लागल्या. कमलिनीच्या पातळाचा काठ धुळीनं माखलेला असायचा. स्वयंपाकघरातले खालच्या फळीवरचे डबे जागचे हललेले असायचे. एकदा कोपराला खरचटलं होतं. विचारलं तर म्हणाली, खाटेवरून उतरताना पडले. मग? मग काय, उठले. ती हातांच्या जोरावर, बसल्या बसल्या, घरभर फिरत होती. जन्मात तिला कोणी तसं फिरू दिलं नव्हतं. दिसायला बरं दिसत नाही, म्हणून आई उचलून न्यायची.

एक दिवस गुलाबला सुट्टी होती. ती हिराजवळ थांबली आणि भागीरथा लवकरच परतली. कुलूप काढून आत गेली. कमलिनी स्वयंपाकघरात भुईवर बसली होती, परात पुढ्यात, कोपरापर्यंत पीठ. तिनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"इतक्या लवकर कावून आली?"

भागीरथा दारातच थांबली. कमलिनीनं पिठाचे हात परातीच्या कडेला निपटले.

"भागीरथा, तुला वाटतं, हे मी तुझ्या पोरीसाठी करून राहिली," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तसंच होतं. खोटं नाही सांगत. पण बत्तीस वर्षांची झाली मी, घरात एकटी अशी कधी राहिलीच नव्हती. आई होती, मावशी होती, वहिनी, तू. काय हवं, काय हवं, विचारायला कोणी ना कोणी जवळ बसलेलंच. काय हवं ते मलाच कधी कळलं नाही. तू गेलीस की कळते."

भागीरथेनं परातीकडे पाहिलं. कणीक फार सैल झाली होती. हात आपोआप पुढे गेला आणि तिनं तो मागे घेतला.

त्या दिवशी घरी जाताना तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. त्याच्या जागी दुसरंच काही टोचत होतं. आपण चांगलं काम करतो, ताईला आपली सवय झाली आहे, असं तिला वाटत आलं होतं. काय हवं विचारणाऱ्यांत तीही होती. त्यानंतर ती कधी लवकर पोचलीच, तरी कुलूप काढायची नाही. पायरीवर बसून राहायची.

चैत्रात उन्हं फार वाढली. त्या दिवशी शाळेच्या नळाला पाणी आलं नाही, म्हणून मुलांना लवकर सोडलं. भागीरथेला हे कुठून कळणार? ती वळणावर आली तर क्वार्टरच्या पायरीवर वसुंधराबाई बसलेल्या. मांडीवर वह्यांची पिशवी, मागे दाराला कुलूप.

पळून जायचं भागीरथेच्या मनातही आलं नाही, तेवढी ताकद नव्हती. ती चालत चालत पायरीपर्यंत गेली आणि कमरेची किल्ली काढली. वसुंधराबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

आतून फरफटण्याचा आवाज आला. काहीतरी भांडं पडलं, घरंगळत गेलं. आत थोडा वेळ शांतता होती. मग कमलिनी एकटीच हसली, आणि भांड्याला काहीतरी बोलली, पोराला रागवावं तसं.

वसुंधराबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, किती दिवस झाले. भागीरथेनं सांगितलं. हिराचंही सांगितलं, होळीच्या आधीचं, कुलपाचं, सगळं. काही लपवलं नाही. वसुंधराबाई रस्त्याकडे बघत ऐकत होत्या. त्यांचं कपाळ घामानं चमकत होतं. कुंकू ओघळलं होतं, पण त्यांनी पुसलं नाही.

"काही झालं असतं तर?" त्या म्हणाल्या.

भागीरथेनं किल्ली त्यांच्यापुढे धरली.

वसुंधराबाईंनी मान हलवली. भागीरथेला वाटलं, आता त्या उद्यापासून येऊ नको म्हणतील. तिनं मनात वाटेचा हिशेब केला. आता फक्त एकदाच चालायचं, घरापर्यंत. त्या विचारानं तिला भीती वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. ती कुलपाकडे वळली.

"थांब," वसुंधराबाई म्हणाल्या. "इतक्यात नको उघडू."

भागीरथा हात तसाच धरून उभी राहिली.

"मी रोज साडेतीनला येते ना? मग साडेतीनलाच येईन."

त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. पाय लांब केले. वह्यांची पिशवी पायरीवर ठेवायला गेल्या, पण मग उचलून परत मांडीवरच घेतली आणि बाजूला सरकून जागा केली. भागीरथा कडेला टेकली. वसुंधराबाईंनी भिंतीला डोकं लावलं आणि डोळे मिटून घेतले. आत पुन्हा फरफट सुरू झाली होती. थोड्या वेळानं भागीरथेनं पाहिलं, बाईंची मान एका बाजूला कलली होती आणि पिशवी मांडीवरून घसरत होती. तिनं ती पडू न देता अलगद धरली.