पाहुण्याचं बटण

मी एक रिमोट बोलतोय. टीव्हीचा नव्हे. टीव्हीच्या रिमोटला घरात मान असतो, तो हरवला की लोक गाद्या उलथतात. मी त्याच्या शेजारी पडून असायचो. माझ्यावर आवाजाचं बटण नाही, चॅनलचं नाही. माझ्यावर माणसांची बटणं आहेत. एक घरातल्या काकांचं, एक काकूंचं, आणि शेवटी, जरा बाजूला, पाहुण्याचं.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, तिथे सगळ्यांचा तसाच होतो.

लोक टीव्हीवर काय बघतात ते मोजणारं एक ऑफिस असतं. ते निवडक घरांत टीव्हीजवळ एक डबा बसवतं. समोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. डबा ते ऑफिसला कळवतो. मग सगळ्या घरांची बेरीज होते. हे झालं संख्येचं संशोधन. मला वाटायचं, जगात एवढं एकच संशोधन आहे. डब्याला अजूनही तसंच वाटतं.

आमचे काका घड्याळं दुरुस्त करणारे. दुकान बंद केलं, पण स्वभाव तोच राहिला, काटा जिथे हवा तिथेच हवा. डबा बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं, "जे खरं तेच कळवायचं." काकांनी ते मनावर घेतलं. पाणी प्यायला उठले तरी बटण दाबून उठायचे. काकू म्हणायच्या, अहो, लग्नात दिलेले शब्दसुद्धा तुम्ही एवढे पाळले नाहीत.

आता या घराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. घर मुळात मोठं, पण मधोमध लाकडी फळ्यांचं पार्टिशन. पलीकडे काकांचे धाकटे भाऊ एकटेच राहायचे. जिना कोणाच्या वाटणीत, यावरून दोघांचं बिनसलं होतं. जिना काकांकडे आला, तेव्हापासून धाकटे आपल्या गच्चीवर शिडी लावून चढायचे. बोलणं बंद, ते बंदच.

पुढे धाकट्यांचा टीव्ही बिघडला. त्यांनी तो नीट करून घेतला नाही. संध्याकाळी बातम्या लागल्या की पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज यायचा. मग एक खोकला. खोकला आला की काका आवाज वाढवायचे. काकू छताकडे बघायच्या. या विषयावर घरात कोणी चकार शब्द काढत नसे.

काकांपुढे प्रश्न पडला तो माझ्यामुळे. बातम्या ऐकणारा एक माणूस आहे, तो या घरातला नाही, आणि खरं ते कळवायचं आहे. दोन दिवस त्यांनी विचार केला. मग त्यांनी पाहुण्याचं बटण दाबलं. डब्याने पाहुण्याचं वय विचारलं, काकांनी भरलं, साठीच्या पुढे. पुरुष. पुढे रोजच.

ऑफिसात आकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत ते भरलं. रोज तोच पाहुणा, बातम्यांना येतो, बातम्या संपल्या की जातो. पाहुणे असे नसतात. पाहुणे जायचं नाव घेत नाहीत. फोन आला. त्या चॅनलकडून काही घेऊन तुम्ही खोटं बटण दाबता का, असं गोड शब्दांत विचारलं. समाधान झालं नाही तर डबा काढून नेऊ आणि खोटं घर म्हणून नोंद करू, असंही सांगितलं.

काकांनी त्या दिवशी जेवण अर्धं टाकलं. आयुष्यभर कोणाचं घड्याळ मिनिटभरही पुढेमागे दिलं नाही, आणि आता खोटं घर. खरं कारण सांगून टाका, असं काकूंनी सुचवलं. पण ते सांगायचं म्हणजे आवाज भावासाठी वाढवतो हे कबूल करायचं. ते काकांना मरेपर्यंत जमणार नव्हतं.

मग ऑफिसने एक ताई पाठवल्या. त्या आकड्यांच्या नव्हेत, विचारण्याच्या. समोर बसून मोकळं बोलायचं आणि माणसाला बोलू द्यायचं, हे दुसरं संशोधन.

"काका, तुमच्याकडे रोज कोणी येतं का?"

"कोणी येत नाही."

"मग पाहुण्याचं बटण कोण दाबतं?"

"मीच."

"का बरं?"

"पाहुणा असतो म्हणून."

ताईंनी पेन खाली ठेवलं. पुढे म्हणाल्या, मी रोज संध्याकाळी येऊन नुसती बसले तर चालेल का? हे तिसरं संशोधन. यात काही विचारायचं नाही, लोक जगतात तसं बघत बसायचं.

पहिल्या दिवशी काका-काकू फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले आणि मत्स्यपालनाचा कार्यक्रम शेवटपर्यंत बघितला. चारसहा दिवसांत मात्र काकूंनी ताईंना मटार सोलायला दिले, आणि त्या पाहुण्या राहिल्या नाहीत. सोलता सोलता ताईंनी सांगितलं, की त्यांच्या ऑफिसात एक जण नुसत्या बातम्याच तपासतो. कोणाला किती बोलू दिलं, कुठला शब्द किती वेळा आला. बघणाऱ्यांशी त्याला देणंघेणं नाही. काकू म्हणाल्या, त्यालाच पाठवायचं होतं की, आमच्या मागचं शुक्लकाष्ठ टळलं असतं.

त्याच संध्याकाळी बातम्या लागल्या. स्टूल सरकलं. खोकला आला. काकांनी सवयीने आवाज वाढवला, सवयीने मला उचललं आणि बटण दाबलं. मग त्यांना आठवलं, की ताई बसल्यात.

ताईंनी पार्टिशनकडे बघितलं. मग माझ्याकडे. बातम्या संपेपर्यंत त्या मटार सोलत राहिल्या. टीव्ही बंद झाल्यावर हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही खोटं नाही कळवलंत, तसं मी लिहीन. पण नियम असा आहे, की पाहुणा या खोलीत बसलेला असला तरच धरतात. भिंतीपलीकडचा नाही चालत. असंच चालू राहिलं तर डबा काढतील आणि तुमचं नाव खराब होईल."

हळू म्हणाल्या खऱ्या, पण फळ्या काही कान बंद करून घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बातम्या लागल्या. काकांनी मला हातात घेतलं. अंगठा पाहुण्यावर ठेवला, पण दाबला नाही. पलीकडे स्टूल सरकलं. खोकला आला नाही. दाराची कडी वाजली.

धाकटे दारात उभे होते. बगलेत स्वतःचं स्टूल.

"नियम आहे म्हणून आलोय," ते म्हणाले.

"स्टूल कशाला आणलंस? खुर्च्या आहेत."

"तुझ्या वाटणीतल्या खुर्चीवर मी कशाला बसू?"

"नको बसूस," काका म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं. काकूंनी, भावजी चहा घेणार का, असं टीव्हीकडे बघत विचारलं. भावजींनीही टीव्हीलाच हो म्हटलं.

पुढे रोज असंच. ऑफिसचं समाधान झालं. पाहुणा खरा होता, तो एका फळीने चुकला होता, असं ताईंनी लिहिलं म्हणे. वर्षादीड वर्षाने मुदत संपली. घरं बदलत राहावी लागतात, म्हणून डबा काढायला माणूस आला. डबा दिला. मी मात्र धाकट्यांच्या मुठीत होतो आणि मूठ उघडत नव्हती.

"हा लागतो मला. पाहुण्याचं बटण दाबल्याशिवाय मी इथे कसा बसणार?"

त्या माणसाने काकांकडे बघितलं. "हरवला, असं लिहू का?"

काकांनी भावाच्या मुठीकडे बघितलं. मग म्हणाले, "लिहा."

आता मी कशालाच जोडलेला नाही. माझं बटण दाबलं तर कुठेच काही कळत नाही, कुठल्याच बेरजेत ते जात नाही. तरी सेल संपले की काका नवे घालतात. स्टूल आता तिथेच असतं, नेणं-आणणं बंद झालं आहे. जिन्याचं अजून कोणी काढलेलं नाही.

तुमच्या दारी कोणी मोजायला आलं तर मोजू द्या, विचारायला आलं तर सांगा. पण कोणी नुसतं बसू का म्हणालं, तर त्याला मटार द्या सोलायला. असो. बातम्यांची वेळ झाली आहे, अंगठा येतोय.