माकुडीचं पूर्ण नाव

वनखात्याचे साहेब मारुतीच्या पारावर बसले होते आणि प्रश्न एकच होता. वणीजवळच्या या गावामागचा कडा खडीसाठी फोडायचा की ठेवायचा? कड्याच्या कपारीत बोटाएवढ्या जाड, रसाळ फांद्यांची एक वनस्पती वेलीसारखी लोंबत होती. तिला लालसर चांदणीसारखी फुलं येत. राज्यात आता मोजक्याच कड्यांवर ती उरली होती.

"नर्सरीतला कॅक्टस हाय, साहेब," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम नेऊन खोचलाय."

"गावानं तिचं इथलं नाव सांगितलं, तर ती इथली. नाहीतर कुंडीतली. बोला," साहेब म्हणाले.

पुरुषांना ते सांगायचं नव्हतं. खडी निघाली तर त्यांचे ट्रॅक्टर चालणार होते. बायकांनाही नाव ठाऊक होतं. लहानपणी गुरांमागे हिंडताना त्यांनी त्या फांद्या मीठ लावून खाल्ल्या होत्या. पण नावातला पहिला शब्द म्हणजे बाईला द्यायची शिवी. थोरामोठ्यांसमोर तो उच्चारणार कोण?

पुंजाबाबांची सून रूपाली पदर सावरत मागे उभी होती. समोर सासरे, शेजारी सासू. तिच्या माहेरचा कडा तिच्या डोळ्यांदेखत फुटला होता. तिथं ही वेल पुन्हा दिसली नाही.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"माकुडी," रूपाली म्हणाली.

सासूनं, सगुणाबाईंनी, तिच्या दंडाला चिमटा काढला. "गप गं!"

"माकुडी," साहेबांनी लिहिलं.

ठेकेदाराचा माणूस खूश झाला. "माकुडी होय! मग लिहाच साहेब. ती तर बांधाबांधावर हाय. तिच्यापायी कडा कशाला अडवायचा?"

साहेबांनी मान डोलावली. साधी माकुडी खरंच कुठंही उगवते. लाजेपायी रूपालीनं अर्धं नाव घेतलं आणि कडा आपल्याच हातानं देऊन टाकला.

"साहेब, ती येगळी. हिचं पूर्ण नाव लिहा."

पुंजाबाबांनी मान वळवली. "सूनबाई, घरी जायचं."

"जाते, मामा." ती हलली नाही. मान खाली घालून म्हणाली, "शिंदळ माकुडी."

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं सांगा."

साहेबांना खरंच ऐकू आलं नव्हतं. बाकी सगळ्यांना आलं होतं. कुणीतरी खोकलं, मग पारावर हसू फुटलं.

"शिंदळ माकुडी!" ती ओरडलीच.

साहेबांनी आधीचं खोडून पूर्ण नाव लिहिलं. पुंजाबाबा चपला न घालताच उठून गेले.

संध्याकाळी एकलहऱ्याहून नवऱ्याचा फोन आला. तो तिथं वीज केंद्रात कामाला होता.

"पारावर काय बोललीस तू?"

"वेलीचं नाव."

"बाबा जेवले नाहीत. माझं ऐक, उद्या साहेबांना सांग, चुकून बोलले."

सासू चुलीपुढे बसून ऐकत होती. दारापुढच्या ओट्यावर सासरे होते. बाहेर जायला दार तेवढंच.

"तसं सांगितलं तर कडा जाईल," ती म्हणाली.

"आणि नाय सांगितलं, तर घरात तुझं काय?"

रूपालीनं ओट्याकडे पाहिलं. "मग मी इथंच हाय, मामा बोलतील ते ऐकायला," ती म्हणाली, आणि भाकरी उलटायला वाकली.